उधारी गेली कुठं?

अहो, जरा कुंपणापाशी या. ऐकलंत का? आपल्या चिखलीतल्या त्या कृषी केंद्राचा कॉम्प्युटर बसला! साऱ्या खरिपाची उधारी त्यात. अन् बॅकअप? नाव नका काढू. पेन ड्राइव्ह निघाला एक, त्यात लग्नातली गाणी!

त्यात दुकानवाल्या शेठजींच्या धाकट्यानं काय करावं? शहाणपणानं त्याच डिस्कवर नवीन विंडोज टाकलं, वर दोन सिनेमे. अकोल्याचा दुरुस्तीवाला कपाळाला हात लावून म्हणाला, "भाऊ, पुसलेलं लगेच जात नसते. जागा मोकळी अशी नुसती नोंद होते. त्यावर दुसरं लिहिलं की संपलं. बंद करून तसंच आणायचं ना!" शेठजींचं तोंड करपल्या भाकरीसारखं. धाकटा आपला चपलांकडे बघत उभा.

मग जीएसटीचं पोर्टल उघडलं. यांनी कोणत्या कंपनीचा माल घेतला ते सापडलं, पण कोण्या शेतकऱ्यानं काय उधार नेलं ते सरकारला कुठून माहीत? खताचं मात्र बरं. अंगठा लावून पोती नेतात ना, त्या पॉस मशीनची नोंद होती. पण पैसे दिले की राहिले, ते मशीन थोडंच सांगते...

तर काय सांगत होते? हां, शेठजींची सून. तिचे वडील कचेरीतले. ती म्हणे, "मामाजी, २१ जून २०१२ ला मंत्रालयाचे वरचे मजले जळाले, तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांतल्या प्रती मागवून फायली पुन्हा उभ्या केल्या. आपणही गिऱ्हाईकांकडून बिलं मागवू." सासूबाई फिस्कारल्या, "उधारीवाला स्वतः बिल आणून देईल? भोळीच आहेस!"

अहो, पण आणली हो लोकांनी! बियाण्याची पावती कोणी फेकत नाही. सोयाबीन उगवलं नाही तर तक्रारीला तीच लागते, पिशवी अन् लेबलासकट. कोणी ट्रंकेतून काढली, कोणी देव्हाऱ्यामागून. एका आजोबांची तर घडीवर फाटलेली, हळदीचा डाग पडलेली, अन् मागे पेन्सिलीनं लिहिलेलं, "दोन हजार दिले, बाकी दिवाळीले." सासूबाई तेव्हापासून सुनेला स्वतः चहा करून देतात म्हणे, मला तर खरं वाटत नाही.

आमचं? आमच्या ह्यांचे सतराशे निघाले. मी सांगणारच होते हो शेठजींना... पावती तेवढी सापडत नव्हती.