ऊन जमा, ऊन नावे

ज्या गुहागरात व्याडेश्वराच्या देवळातून निघालेला मनुष्य नारळी-पोफळींच्या सावलीसावलीने थेट समुद्राच्या पुळणीवर जाऊन पोहोचतो, त्या गावी उन्हाचे मोल कोणी रुपये-पैशांत करील, अशी गोष्ट माझ्या आजोबांसमोर कोणी काढली असती, तर त्यांनी सांगणाऱ्याच्या टाळूवर तेल थापून त्याला पडवीत निजवले असते.

विजेच्या बाबतीत आमचा तालुका अगदीच अननुभवी आहे असे मात्र नव्हे. १९९९ साली अंजनवेलला दाभोळ प्रकल्पाचा पहिला टप्पा नाफ्त्यावर सुरू झाला आणि दोनच वर्षांत विजेच्या दरावरून तंटा लागून बंदही पडला. ज्या विजेचा भाव ठरविण्यास विलायती वकील लागतात, तिच्यापेक्षा ज्याने आजवर कधी भावच सांगितला नाही तो सूर्यनारायण बरा, असा माझा ग्रह तेव्हापासूनचा आहे.

त्यामुळे २०२४ च्या फेब्रुवारीत ‘पीएम सूर्यघर मोफत बिजली योजना’ जाहीर होताच, त्या नावातील ‘मोफत’ हा शब्द आमच्या भागात ज्या आदराने उच्चारला जातो त्याच आदराने उच्चारून, मी दरखास्त गुदरली. पहिल्या दोन किलोवॉटांस प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्यास १८,०००, म्हणजे एकूण ७८,००० रुपयांचे अनुदान. मात्र ते खात्यात जमा व्हावयाचे ते सारे काम उरकल्यावर, तोपर्यंत खर्च पदरचा.

पाहणीस आलेल्या सोलरवाल्याने कौलांकडे पाहिले, कौलांवर झुकलेल्या माडांकडे पाहिले आणि मान हलविली. एका पॅनेलवर झावळीची सावली पडली तरी माळेतली बाकीचीही ढिली पडतात, असे त्याचे म्हणणे. माड तोडण्याची सूचना ओठांवर येण्यापूर्वीच सौ.ची मुद्रा पाहून त्याने ती गिळली. दिवसभर निर्वेध ऊन येणारी जागा घरात एकच होती, ती म्हणजे मागील गच्ची. आणि तिजवर रातांब्यांच्या सालींना मिठाच्या रसाची पुटे देऊन आमसुले वाळविण्याचा सौ.चा वहिवाटीचा हक्क होता. तीन किलोवॉटांना सुमारे ३०० चौरस फूट लागतात हे ऐकून तिने विचारले, “आणि माझ्या आमसुलांना अनुदान किती?” अखेर तहनामा झाला: पॅनेलांच्या पुढील दक्षिणेची चार हात पट्टी आमसुलांकडे.

चैत्रात नेट मीटर बसले आणि मी रोजकीर्द घातली. दिवसा गच्चीवरून वीज महावितरणच्या तारांत गेली की ऊन जमा. रात्री पंखा फिरला की ऊन नावे. किलोवॉटामागे रोज चारेक युनिटे पडत. पहिल्या बिलात युनिटांपुढे शून्य पाहून मी ते कागदी शून्य चार घरी दाखवून आणले; त्याखाली स्थिर आकार तसाच उभा होता, त्यावर अंगठा ठेवीत असे.

एके दुपारी लख्ख ऊन असताना गावची लाइन गेली आणि आमचेही पंखे थांबले. खांबावर चढलेल्या वायरमनला आमच्या विजेचा धक्का बसू नये म्हणून तारा निर्जीव होताच ही यंत्रणा आपणहून मिटते, हे तत्त्व मी घामाने निथळत सौ.ला समजावून दिले. “म्हणजे ऊन आपलं, पण विचारायचं खांबाला,” एवढेच बोलून ती साली उलथावयास गच्चीवर गेली.

मग मृग लागला. कोकणच्या पावसात सूर्यनारायण आठ-आठ दिवस रजेवर जातो, आणि रजेचा अर्जही ठेवीत नाही. वैशाखातली जमा आषाढात झरझर उतरली, आणि श्रावणातले बिल हाती आले तेव्हा युनिटांपुढले शून्य नाहीसे झालेले होते. मी रोजकीर्द मिटून मुकाट्याने पानावर बसलो. सौ.ने वाचविलेल्या माडाच्या नारळाची, गुलाबी सोलकढीची वाटी पुढे सरकविली.

“घ्या, हे वैशाखातलंच ऊन,” ती म्हणाली. “बरणीत अजून अर्धं शिल्लक आहे.”