दूरध्वनी क्रमांकांची जमाबंदी

ताडवाडीतल्या आमच्या चाळीची जुनी सभासद-वही संगणकात उतरवून तिच्यातले दूरध्वनी क्रमांक शिस्तीत बसवणारी आज्ञावली लिहून द्यावी, असा हुकूम चिटणीस अण्णांनी, मी संगणकाच्या कचेरीत नोकरीला आहे एवढ्याच पुराव्यावर, माझ्या नावे काढला. या विषयाचे शास्त्र मोठे सोवळे आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या ‘ई.१६४’ या दंडकानुसार कोणताही क्रमांक देशाच्या संकेतांकासह १५ अंकांपलीकडे जाता कामा नये, आणि एरवी ०२२च्या अग्रस्थानी मिरवणाऱ्या शून्याने +९१ची स्वारी येताच मुकाट्याने उठून जावे. (रोमचे शून्य मात्र +३९पुढेही जागचे हलत नाही, त्या मानी शून्याविषयी मला नितांत आदर आहे.) शिवाय क्रमांक हा संख्या म्हणून नव्हे, अक्षरे म्हणून साठवावा लागतो, नाहीतर संगणक आरंभीचे शून्य बिनकामाचे समजून परस्पर बडतर्फ करतो.

वहीला यातले काहीच मंजूर नव्हते. तीत सहा अंकी क्रमांक होते, ३७ने सुरू होणारे सात अंकी होते, आणि २००२ साली महानगर टेलिफोन निगमच्या क्रमांकांआधी २ लागला तेव्हा चिटणिसांनी तो लाल शाईने समासात अशा दाटीवाटीने बसवला होता, की तो क्रमांकाचा की खोलीचा याचा निवाडा माझगावच्या कोर्टानेच करावा. लंडनवासी चिरंजिवांनी +४४नंतरचे शून्य कंसात घालून ते फिरवायचे की गाळायचे हे वाचणाऱ्याच्या मर्जीवर सोडले होते.

तरीही ही सारी मंडळी यथावकाश वठणीवर आली. अडून बसली ती ‘पी. पी.’ ही दोन अक्षरे. फोनसाठी वर्षानुवर्षे ताटकळावे लागे त्या काळी शेजाऱ्याचा क्रमांक असा शेरा मारून लग्नपत्रिकेपासून नोकरीच्या अर्जापर्यंत बिनदिक्कत आपला म्हणून देत, आणि आमच्या वहीत अख्खा दुसरा मजला एकाच क्रमांकावर नांदत होता.

“अण्णा, संगणकाला प्रत्येकाचा नंबर निराळा लागतो.”

“अरे, फोनच एक होता. खालून हाक मारायचे.”

“पण हे लिहायचं कसं?”

“त्यात काय? लिही, रात्री नऊनंतर बोलावणार नाहीत.”

‘शेरा’ या रकान्याला अंकांची अट नव्हती. तेथे मी ते शब्दशः नोंदवले आणि खाली चिटणिसांची सही घेतली.