जुन्या लॅपटॉपवर लिनक्स घालण्याबाबत

नेहरूनगर, कुर्ला (पूर्व) येथील आमच्या सोसायटीच्या सर्व सभासदांस कळविण्यात येते की, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०ची मुदत संपली. विंडोज ११ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागते. ते ऑफिसातल्या लॅपटॉपात नाही, आणि नवीन लॅपटॉपचे पैसे खात्यात नाहीत. सबब लिनक्स घालावे. लिनक्स फुकट असल्यामुळे ठरावाला सूचक-अनुमोदक ताबडतोब मिळतात. ज्यांच्या घरी असाच लॅपटॉप माळ्यावर पडून आहे, त्यांच्यासाठी पुढील नियम.

१. तज्ज्ञ नेमावा. तो प्रत्येक इमारतीत असतोच. आमच्याकडे खजिनदारांचे चिरंजीव आहेत. आल्या आल्या ते विचारतात, "काका, डिस्ट्रो कुठली घालू?" डिस्ट्रो म्हणजे लिनक्सची आवृत्ती. उत्तर देऊ नये, त्यांना ते नकोच असतं. १९९३ साली डेबियन निघाली, तिच्यावरून उबुंटू, उबुंटूवरून मिंट, ही वंशावळ उभ्याने ऐकून घ्यावी. ते स्वतः आर्च वापरतात, हे विचारावं लागत नाही.

२. निवड. दादरला जायचंय की वाशीला, हे ठरल्याशिवाय कुर्ल्याच्या पुलावर चढू नये, तसंच हे. मेंटेनन्सची बिलं, नोटिसा, थोडं यूट्यूब आणि ४ जीबी रॅम एवढंच असेल, तर मिंटची एक्सएफसीई आवृत्ती किंवा लुबुंटू घ्यावी आणि विषय संपवावा. रॅम २ जीबी असेल तर अँटिएक्स. प्रोसेसर ३२-बिटचा असेल तरी तीच, कारण मिंट आणि उबुंटूने ३२-बिट केव्हाच सोडलं आणि २०२५च्या डेबियन १३मध्ये त्याचा इन्स्टॉलरही उरला नाही. सी-डॅकची 'बॉस'ही आहे, डेबियनवर बेतलेली, भारतीय भाषांची सोय असलेली. चिरंजीवांनी ती सरकारी म्हणून नाकारली. त्यांची फी सरकारी शिष्यवृत्तीतून जाते.

३. बॅकअप घ्यावा. घेतला असं म्हणू नये, घ्यावा.

४. निवडलेली डिस्ट्रो आधी पेनड्राइव्हवर चढवावी लागते, त्याला ८ जीबीचा पुरे. तो पूर्ण पुसला जातो, त्यामुळे मुलीच्या लग्नाचे फोटो असलेला देऊ नये. लॅपटॉप सुरू होताना एफ१२ (काहींत एफ९ किंवा एस्केप) दाबून पेनड्राइव्ह निवडला की काहीही न पुसता लिनक्स चालवून बघता येतं. वाय-फाय, आवाज, प्रिंटर इथेच तपासून घ्यावेत. वाय-फाय दिसत नसेल तर मोबाइल केबलने जोडून त्याचं नेट घ्यावं, मग ड्रायव्हर उतरवता येतो. बॅटरी मेलेली असेल तर चार्जरच्या वायरीला कुणी पाय लावणार नाही, एवढं बघावं.

५. खरं सांगू का? या सगळ्या निवडीपेक्षा जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी घालण्याने जास्त फरक पडतो. मिनिटभर गरगरणारं मशीन झटक्यात उघडतं. तज्ज्ञ हे शेवटी सांगतात, कारण स्क्रू-ड्रायव्हरच्या कामात वंशावळ सांगायला वाव नाही.

६. मराठी. इनस्क्रिप्ट कीबोर्ड सेटिंगमधून लगेच मिळतो. पण युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधल्या फाइली तो फॉन्ट नसला की अगम्य दिसतात. जुनं मशीन पुसण्यापूर्वी त्या युनिकोडमध्ये बदलून घ्याव्यात. २०१२पासूनच्या 'उद्या पाणी येणार नाही' या नोटिसा आम्ही तशा बदलल्या आहेत. त्या तेव्हाही कुणी वाचल्या नव्हत्या.

७. काम झाल्यावर तज्ज्ञ रविवारी पुन्हा येतो. "काका, नवीन एक आलीये, लई हलकी आहे." पोरगं गुणी आहे. एक पैसा घेत नाही, रात्री अकरा वाजता प्रिंटरसाठी जिने चढून येतं. त्याला चहा द्यावा, पोहे द्यावेत. अ‍ॅडमिनचा पासवर्ड देऊ नये.

लॅपटॉप आता चालू असून या महिन्याची बिलं त्यावरूनच निघाली आहेत. थकबाकीदारांनी १० तारखेच्या आत भरणा करावा, ही विनंती.