काडेपेटी गिऱ्हाईक

किराणा दुकानदाराच्या लेखी गिऱ्हाइकांच्या जाती ठरलेल्या असतात. महिन्याचा किराणा भरणारं, खात्यावर नेणारं, रोजच्या कमाईतून रोजचं तेल-मीठ नेणारं आणि नुसतेच भाव विचारून जाणारं. अलीकडे शहरांत आणखी एका जातीची भर पडली आहे. कोथरूडमधल्या आमच्या गल्लीतले शेठ तिला ‘काडेपेटी गिऱ्हाईक’ म्हणतात. माघारी म्हणतात. तोंडावर अर्थातच ‘या काका, बोला काका’.

हे काका ओळखायला सोपे. वय पन्नाशीच्या पुढे, अंगात घरातलाच टी-शर्ट, पायांत स्लिपर आणि हातात पिशवी नाही. ही पिशवी नसणं मुख्य खूण. ज्याला किराणा घ्यायचा असतो तो पिशवी घेऊन निघतो. काकांना जे घ्यायचं असतं ते मुठीत मावतं. यायची वेळ रात्री साडेनऊची, शेठनी शटर ओढायची आकडी हातात घेतल्यानंतरची. नाहीतर रविवारी सकाळची, घरी पाहुणे येऊन बसल्यानंतरची. “शेठ, थांबा थांबा, एकच मिनिट!” असं लांबूनच ओरडत येतात. शेठ थांबतात. मग काका धापा टाकत ती वस्तू सांगतात. काडेपेटी, खायचा सोडा, दहा रुपयांची मोहरी, नाहीतर कापराची डबी.

घरात बाकी किराणा येत नाही असं नाही. भरपूर येतो. पगार झाल्यानंतरच्या पहिल्या शनिवारी काका सहकुटुंब गाडी काढून मोठ्या दुकानात जातात. तूरडाळ, तांदूळ, तेल, साखर, शिवाय ‘एकावर एक मोफत’ म्हणून फरशी पुसायचं औषध इतकं, की घराची फरशी पुसून सोसायटीचा जिनाही धुऊन निघावा. मधल्या अडीनडीला मोबाइलवर ॲप आहेच. एवढा कडेकोट बंदोबस्त करूनही नेमकी दिवेलागणीला काडेपेटी संपते.

काकांच्या आईच्या वेळी असं होत नसे. तेव्हा महिन्याची यादी व्हायची. पाठकोऱ्या कागदावर वर ‘श्री’, त्याखाली तूरडाळ, मग तांदूळ, गहू, साखर, शेंगदाणे असं उतरत उतरत शेवटी हिंग, सुपारी, उदबत्ती, काडेपेट्या. कागद शेठच्या वडलांकडे जायचा आणि संध्याकाळी दुकानातला पोऱ्या सामान घरात आणून टाकायचा. वाण्याला पर्याय तेव्हाही होते. मुंबईत नायगावला १९४८ साली कामगारांच्या सहकारातून अपना बाजार उभा राहिला होता. १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत निघाली आणि शेजारपाजारची घरं संघ करून महिन्याचं सामान एकत्र मागवायला लागली. पण ती माणसं वाण्याला सोडून गेली ती तत्त्वासाठी. काका गेले ते ट्रॉलीसाठी. २००२ मध्ये पवईला पहिलं डी-मार्ट उघडलं, मग तसली दुकानं गावोगाव झाली आणि त्या यादीचे दोन तुकडे पडले. धड तिकडे गेलं, शेपूट शेठकडे राहिलं.

गंमत अशी, की शेठच्या दुकानावर काकांचं मनापासून प्रेम आहे. २०१२ च्या सप्टेंबरात किरकोळ व्यापारात ५१ टक्के परकी भांडवलाला सरकारनं वाट करून दिली, तेव्हा सोसायटीच्या कोजागरीला काका त्यावर अर्धा तास बोलले. छोटा दुकानदार संपला की शेजारधर्म संपला, हा त्यांचा मुद्दा. माणसाला नावानं ओळखणारं दुकान मॉलमध्ये मिळणार नाही, हा दुसरा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मसाला दुधातलं केशर, बदाम, साखर सगळं मोठ्या दुकानातून आलं होतं. ऐन वेळी कागदी पेले कमी पडले, तेवढे शेठकडून आणले.

संबंध पैशांत मोजायचे नसतात, यावर काकांची श्रद्धा आहे. म्हणून ते शेठकडे पैसे खर्च करत नाहीत. बाकी संबंध कडक आहेत. फ्लॅटची जादा किल्ली शेठच्या गल्ल्यात असते. काकू बाहेर गेल्या असल्या की ऑनलाइन मागवलेली पार्सलं शेठच्या पोत्यांवर येऊन बसतात. त्यांत डाळीही असतात. प्लंबरचा नंबर शेठकडून, रिक्षाला सुटे शेठकडून, नातू शाळेच्या बसची वाट बघतो तो शेठच्या पायरीवर. ॲपवाला पोऱ्या काकांचं सामान घेऊन गल्लीत शिरतो आणि सी विंग सापडेना झाली की गाडी शेठच्या दारात उभी करून पत्ता विचारतो. शेठ हातातला वजनाचा डबा खाली ठेवून बाहेर येतात आणि बोट दाखवतात. “त्या लिफ्टनं नको जाऊ, ती बंद आहे.”

आता, काका फुकटे नाहीत हे सांगितलं पाहिजे. कोणाचा एक रुपया ठेवणार नाहीत. दोन रुपये देणं असलं तर दोन रुपयांसाठी परत खाली उतरून येतील. त्यांचा हिशेब चोख आहे, फक्त आकडा लहान आहे.

पूर्वी हा आकडा काका आणि शेठ यांच्यापुरता राहायचा. आता गल्ल्यावर तो बोलका डबा आला आहे. काका फोन पुढे धरतात, कोड टिपतात आणि भर दुकानात, चार बायामाणसांच्या देखत डबा खणखणीत आवाजात सांगतो, “दोन रुपये प्राप्त झाले.” हल्ली काका काडेपेटीबरोबर दहा रुपयांचा बिस्किटाचा पुडाही घेतात. घरात कोणी ती बिस्किटं खात नाही. पण “बारा रुपये प्राप्त झाले” हे ऐकायला जरा बरं वाटतं.

काडेपेटी दोन रुपयांना झाली ती १ डिसेंबर २०२१ पासून. त्याआधी २००७ पासून ती एक रुपयावरच होती. मेण, लाल फॉस्फरस, पुठ्ठा सगळंच महागलं, तेव्हा शिवकाशीकडच्या कारखानदारांनी चौदा वर्षांनी किंमत वाढवली. काकांना हा धक्काच होता. “शेठ, दुप्पट? एकदम दुप्पट?” शेठनी शांतपणे काडेपेटीवरची छापील किंमत दाखवली. नेमक्या त्याच महिन्यात ग्रोफर्सचं ब्लिंकिट झालं आणि दहा मिनिटांत घरपोच सामान हा नवा नाद शहरांना लागला. ॲपच्या बिलात सामानाखाली पोचवण्याचा आकार, हाताळणीचा आकार असं जे काय बारीक अक्षरांत छापलेलं असतं, ते काका वाचत नाहीत. पोचवण्याचा आकार माफ व्हावा म्हणून दीडशे रुपयांचं जादा सामान मात्र नेमानं मागवतात. काडेपेटीचा तो एक रुपया अजून त्यांच्या लक्षात आहे.

भाव विचारणं हा काकांचा दुसरा छंद. गोण्यांपुढे उभे राहून तूरडाळीत हात घालतात, चार दाणे तळहातावर घेऊन उजेडाकडे धरतात. “काय भाव?” शेठ सांगतात. काकांचा चेहरा उजळतो. तिकडे चार रुपये कमी पडले होते! भाव विचारायचा तो डाळ घ्यायला नव्हे, घेतलेली बरोबर घेतली याची खात्री करायला. मग वर सल्ला: “सुटी डाळच घ्यावी माणसानं. २०२२ च्या जुलैपासून पाकीटबंदवर पाच टक्के जीएसटी आहे, सुट्यावर नाही.” माहिती अगदी बरोबर. घरी पाकिटं.

काकांचं आणि शेठचं नातं खऱ्या अर्थानं पाहायचं तर सत्यनारायणाच्या सकाळी पाहावं. गुरुजी पाटावर बसलेले. साजूक तूप, रवा, साखर, केळी सगळं आलेलं. मग गुरुजी विचारतात, “हळकुंडं?” मोठ्या दुकानात हळकुंडं असतात, पण पाव किलोची. पूजेला लागतात पाच. काका सोवळं नेसलेल्या अवस्थेत वरून टी-शर्ट चढवून पळत खाली येतात.

“शेठ, हळकुंडं पाच, खारका पाच, बदाम पाच, सुपाऱ्या…” सुपाऱ्या किती ते काका विसरलेले.

शेठ मान वर करत नाहीत. त्यांचे हात बरण्यांवरून असे फिरतात, की झाकण कधी उघडलं आणि कधी लागलं कळत नाही. कागदाचा चौकोन फाटतो, त्यावर पाच हळकुंडं मोजून पडतात, एक कीड लागलेलं परत बरणीत न जाता बाजूला पडतं, त्याच्या जागी दुसरं येतं. चार घड्या, पुडी तयार. वर टांगलेल्या रिळाचा दोरा खाली येतो, दोन वेढे, एक झटका. सुपाऱ्या ते विचारत नाहीत. पूजेची माहिती त्यांना गुरुजींइतकी आहे.

“जानवं आहे?”

“ते… नाही.”

“कापसाची वस्त्रं? अष्टगंध?”

काका गप्प.

“आणि काका, पानांवर ठेवायला सुटे रुपये लागतील. हे घ्या.”

शेठ गल्ल्यातून एक एक रुपयाची नाणी मोजून देतात. ही नाणी त्यांनी देवळासमोरच्या लोकांकडून नोटा देऊन जमवलेली असतात. काका गहिवरतात. “शेठ, तुम्ही आहात म्हणून चाललंय बघा.” डबा रक्कम जाहीर करतो. त्या दिवशी ती तीन आकडी असते आणि काका ताठ मानेनं जिना चढतात.

संकट मोठं असलं की काकांना जुने संबंध आठवतात. ८ नोव्हेंबर २०१६ ला रात्री नोटा रद्द झाल्या, दुसऱ्या दिवशी सकाळी काका दुकानात: “शेठ, आमचं खातं होतं ना हो तुमच्याकडे? आईच्या वेळचं?” खातं बंद होऊन वीस वर्षं झाली होती. शेठनी लाल वही काढली, नवं पान उघडलं, वर काकांचं नाव घातलं. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, तेव्हा दुकानापुढे खडूनं काढलेल्या गोलात काका रोज सकाळी उभे. ॲपवर ‘सध्या उपलब्ध नाही’ आणि मोठ्या दुकानापुढे मैलभर रांग. शेठनी माणशी पाच किलो पीठ असा नियम केला होता. काकांनी मागच्या गोलातल्या बाईंना सांगितलं, “आमचे तीन पिढ्यांचे संबंध आहेत.” पीठ पाचच किलो मिळालं. पहिली टाळेबंदी उठली तसे संबंध पुन्हा काडेपेटीवर आले.

काका खरे चिडतात ते शेठचं दुकान बंद असलं की. वर्षातून एकदा, मे महिन्यात, शेठ आठ दिवस राजस्थानात गावी जातात. शटरवर कागद लागतो. काका रात्री साडेनऊला येऊन तो कागद दोनदा वाचतात. “आठ दिवस? गिऱ्हाइकांनी काय करायचं? धंदा असा होत नसतो.” शेजारच्या मेडिकलवाल्याला ते सांगतात, की अशानंच लोक मॉलकडे वळतात.

गेल्या दिवाळीच्या आधी मात्र एक अघटित घडलं. मोठ्या दुकानात तेलाचा भाव पडला होता. काका ट्रॉली ढकलत तेलाच्या रांगेपाशी आले आणि पाहतात तो समोर साक्षात शेठ. एक ट्रॉली शेठकडे, दुसरी त्यांच्या भाच्याकडे, दोन्हींत पिशव्यांचे थर. काका झटकन कणकेच्या ढिगाऱ्यामागे सरकले, पण काडेपेटी गिऱ्हाईक वीस फुटांवरून ओळखणं हा शेठचा रोजचा धंदा.

“या काका! तेल घेतलं का? घ्या घ्या. माझा एजन्सीवाला देतो त्यापेक्षा इथे स्वस्त पडतंय.”

काका अवाक्.

“एका बिलावर चारच पिशव्या देतात हो. तुमची ट्रॉली रिकामीच दिसतेय, माझ्या चार तुमच्या बिलावर घालू का?”

नाही म्हणायला काकांना काही कारण सुचलं नाही. चार पिशव्या त्यांच्या बिलावर गेल्या. गल्लेवालीसमोरच शेठनी फोन काढला आणि पैसे काकांच्या खात्यात टाकले. त्या महिन्यात काकांनी शेठना जेवढे पैसे दिले, त्यापेक्षा शेठनी काकांना दिलेले जास्त भरले.

हे आम्हांला कळलं ते काकूंकडून. पापडखार संपला म्हणून त्या दुसऱ्या दिवशी दुकानात आल्या होत्या आणि शेठसमोरच सांगत होत्या. काका म्हणे रात्री जेवताना एक शब्द बोलले नाहीत. शेवटी ताट सारून म्हणाले, “स्वतःच्या दुकानावर ज्याची निष्ठा नाही, त्याच्याकडून यापुढे काही घ्यायचं नाही.”

“घेतो काय आपण त्यांच्याकडून?” काकूंनी विचारलं.

“तेच म्हणतोय मी,” काका म्हणाले, “तेही बंद.”

शेठ हसले आणि त्यांनी पापडखाराच्या पुडीवर दोरा गुंडाळला.