दर्शनाला येताना झेरॉक्स आणावी

आमच्या प्रभागात देवदर्शनाच्या मोफत बस उभ्या राहिल्या की समजावं, निवडणूक आली. तारखा काय, नंतर जाहीर होतातच. बसच्या पुढच्या काचेवर देव, मागच्या काचेवर भाऊ आणि दोन्ही अंगांना पुन्हा भाऊच, हात जोडलेले. हे आता डोळ्यांना खुपतही नाही. मला अडकवून ठेवलंय ते फलकाच्या तळाशी, मोबाईल नंबरच्याही खाली, बारीक अक्षरांत छापलेल्या एका ओळीनं: ‘नावनोंदणीसाठी मतदान कार्डाची झेरॉक्स आवश्यक’.

आधार चालत नाही. एकानं नेलं होतं, परत पाठवलं. बरोबरच आहे. आधारवरून तुम्ही कोण ते कळतं. तुमचा उपयोग काय, ते कळत नाही.

देवाच्या दारात आजवर माणसाला बरंच काही दाखवावं लागलंय. जात दाखवावी लागली; पंढरपूरचं देऊळ सगळ्यांना उघडायला 1947 साल उजाडावं लागलं. मग पाकीट दाखवण्याचे दिवस आले, ते अजून चालूच आहेत. आता भाग क्रमांक आणि अनुक्रमांक. ही प्रगती आहे, नाही म्हणू नका. जात नको, गोत्र नको, सोवळं नको. श्रद्धासुद्धा नको. आमच्या इमारतीत एक निवृत्त प्राध्यापक आहेत, देव नाही हे एका चहात सिद्ध करून दाखवतात. ते तुळजापूरला जाऊन आले, खिडकीजवळची जागा मिळाली. त्यांच्याच मजल्यावरच्या काकू, गळ्यात माळ, दोन्ही पक्षांतल्या एकादश्या कडकडीत. त्यांना जागा मिळाली नाही. यादी करणारा पोरगा अदबीनं म्हणाला, “काकू, तुमचं नाव अजून गावाकडंच आहे ना? मग तिकडचे भाऊ नेतील की तुम्हाला!” काकूंनी रात्री फोन करून गावाकडच्या भावाला विचारलं, म्हणजे सख्ख्या भावाला. तो म्हणाला, इथली बस गेली, तू राहतेस तिकडं म्हणून तुझं नाव घेतलं नाही. सध्या काकू कुठल्याच देवाच्या कार्यक्षेत्रात येत नाहीत.

याउलट ज्यांचं नाव यादीत दोन ठिकाणी आहे, त्यांचं बघा. पेपरवाले त्यांना दुबार मतदार म्हणून हिणवतात, पण त्यांच्या पदरात पडणारं दुबार पुण्य कुणी मोजत नाही. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला या महिन्यात दोनदा अक्कलकोटला गेला. नदीच्या अलीकडून एकदा, पलीकडून एकदा. स्वामींनीही बहुधा ओळखलं असेल. त्याच्याही पुढची पायरी म्हणजे मयत मतदार. मागच्या गल्लीतले एक आजोबा वारून बराच काळ झाला, पण यादीत ते ठणठणीत आहेत. त्यांच्या कार्डाच्या झेरॉक्सवर जावई गेला. बसमध्ये हजेरी झाली, आजोबांचं नाव पुकारलं, जावयानं “हजर” म्हणून हात वर केला. खाली छापलेलं वय ब्याण्णव, हात वर करणाऱ्याचं पस्तीस. पोरानं वर पाहिलं, कागदावर पाहिलं आणि बरोबरची खूण केली. माणूस गेल्यावर त्याच्या नावानं काशीला जाऊन येणारे लोक पूर्वीही होते, पण त्यांना स्वतःचा खर्च करावा लागायचा आणि वर कुणी लाडवाची पिशवी देत नसे. इथं आजोबांच्या नावानं पिशवी मिळाली, टोपी मिळाली, पाण्याची बाटली मिळाली. आता जावई म्हणतो, यादीतून नाव कमी करायचा अर्ज भरायचा होता, पण सासूबाईंची इच्छा आहे की त्यांना आधी अष्टविनायक घडावेत.

अष्टविनायक आमच्याकडं ‘क’ जागेवाल्या भाऊंकडं आहेत. प्रभाग चार सदस्यांचा, त्यामुळं अ, ब, क, ड अशा चार जागा, माणशी चार मतं आणि किमान चार बस. एकानं साडेतीन शक्तिपीठं दोन दिवसांत जाहीर केली. माहूर कुठं, वणी कुठं, हे त्याच्या ड्रायव्हरनं नकाशा काढून दाखवल्यावर ती अडीच झाली. अष्टविनायकाची यात्रा मोरगावपासून सुरू करून मोरगावलाच संपवावी, असा दंडक आहे. भाऊंच्या यात्रेत ती एका धाब्यापासून सुरू झाली, कारण धाबा मेव्हण्याचा.

एवढं झाल्यावर एक गोष्ट सांगतो आणि ती विनोद म्हणून सांगत नाही. बस निघायच्या आदल्या संध्याकाळपासून बायका पाणी पीत नाहीत. वाटेत कुठं थांबणार आणि तिथं सोय कशी असणार, ते त्यांना पक्कं ठाऊक असतं. साठीच्या, मधुमेहाच्या, गुडघे गेलेल्या बायका तोंडाला कोरड पडेपर्यंत कळ काढतात आणि फुकट मिळालेली बाटली तशीच पिशवीत घालून घरी आणतात. ही सवय त्यांना यात्रेनं लावलेली नाही, प्रभागानं लावली आहे. आमच्या भाजीबाजारात सकाळी सहापासून बायका पाट्या घेऊन बसतात. त्यांच्यासाठी एक स्वच्छतागृह होतं. ते पाडून तिथं कमान उभी केली, कमानीवर देवाचं नाव घातलं. आता त्या जागेबद्दल तोंड उघडलं की भावना दुखावतात. महापालिका अधिनियम 1949 सालचा. त्याच्या 63व्या कलमात महापालिकेनं केलीच पाहिजेत अशी कामं लिहून ठेवली आहेत. गटारं आहेत, दिवे आहेत, सार्वजनिक मुताऱ्याही आहेत. देवदर्शन नाही. अहो, देवाकडं जायचा रस्ता लोकांना कीर्तनकारांनी, आयांनी, आज्यांनी शिकवलाय. पायी जातात, एसटीनं जातात, तुमच्याविना अडलेलं नाही. अडलंय ते मुतारीविना! ती बांधा आणि तिच्यावर हवं तर तुमचा फोटो लावा, आतून-बाहेरून लावा, एक अक्षर बोलणार नाही.

असो. आवाज चढला.

जेजुरीच्या बसमध्ये आमच्या शेजारच्या वहिनी होत्या. गडावर दर्शन झाल्यावर सगळ्यांना एका बाजूला घेतलं, प्रत्येकीच्या मुठीत भंडारा दिला आणि एक पोरगा मोबाईल धरून उभा राहिला. “म्हणा ताई, खंडोबाची आण…” वहिनींनी म्हटलं. बेलभंडार उचलणं म्हणजे काय, ते त्यांच्या माहेरी चांगलंच माहीत आहे. त्यावर जमिनीचे तंटे मिटलेले आहेत. पंचाईत अशी, की पंधरा दिवसांपूर्वी दुसऱ्या भाऊंच्या बसमधून आल्या तेव्हाही त्यांनी भंडारा उचलला होता आणि दोघेही ‘ब’ जागेचे. भाऊ पुढं गेल्यावर त्यांनी हळूच गुरवाला विचारलं, काय करू? त्या दिवशी त्याच्यापुढून किती मुठी गेल्या असतील कोण जाणे. तो म्हणाला, “ताई, देवाला अ-ब-क-ड येत नाही. भंडारा कपाळाला लावा आणि खाली उतरा, मागं दुसऱ्यांची बस लागलीय.”

मग आरक्षणाची सोडत निघाली. 2011 पासून निम्म्या जागा बायकांच्या, हे भाऊंनाही माहीत होतं, पण एवढे देव केल्यावर चिठ्ठी आपल्या बाजूनं निघेल असा त्यांचा भरवसा होता. ‘ब’ जागा महिला राखीव निघाली. रात्रीत फलक बदलले. भाऊ कोपऱ्यात गेले, मधोमध वहिनीसाहेब आल्या, हात जोडलेले, ‘धर्मपरायण नेतृत्व’. उज्जैनची बस आता त्यांच्या नावानं सुटणार आहे. त्या स्वतः मात्र आजवर यातल्या एकाही यात्रेला गेलेल्या नाहीत. घरी थांबून झेरॉक्स जमा करून घ्यायला कुणीतरी लागतंच.