सरकीचं फोल्डर

मे महिन्यात अकोल्यात घरी रेकॉर्डिंग करायचं म्हणजे आधी एकच काय ते ठरवावं लागतं: कूलर की भजन? कूलर चालू ठेवला तर आवाजात वावटळ शिरते. बंद केला तर गाणारा आणि हार्ड डिस्क, दोघंही तापतात. म्हणून मामांना खंजिरी घेऊन पहाटे पाचला बसवलं. तुकडोजी महाराजांची भजनं, तासभर.

सीडीच्या दर्जाचा आवाज म्हणजे प्रत्येक कानासाठी सेकंदाला ४४,१०० नमुने. तासाला साधारण ६३५ एमबी. १९५६ साली आयबीएमने पहिली डिस्क काढली तेव्हा २४ इंची ५० तबकड्यांत मिळून ५ एमबीच्या आसपास मावायचं. मामांचं नुसतं खाकरणं संपायच्या आत ती भरली असती. माझी १ टीबीची खिशात राहते.

"किती क्विंटल मावते हिच्यात?" मामांनी विचारलं. अख्खी हयात जिनिंगमध्ये गेलेली.

"दीड हजार तास भजनं, मामा."

"एवढी पाठ नाहीत बापा मले."

पूर्वी रेडिओवाले फीत ब्लेडने तिरपी कापून चिकटपट्टीने जोडत. हात चुकला की शब्द गेला. डिस्कवर खरं तर काहीच कापलं जात नाही. कुठून कुठवर वाजवायचं याची यादी होते आणि हेड त्या त्या जागी उडी मारतं. फुकटची कात्री मिळाल्यावर मी कशाला थांबतो! खोकला काढला, कुत्रं काढलं, मामींचं "चहा ठेवू काय जी?" चार ठिकाणी होतं, ते काढलं. मग खरखर घालवणारा फिल्टर दोनदा फिरवला.

मामांनी डोळे मिटून ऐकलं. "काऊन बापू, मी डब्यात बसून म्हणून राह्यलो काय? जीन लय जोरात फिरवलं तं सरकी निंघते, पण धागा तुटते."

फिल्टर मागे घेतला. डबा गेला, खरखर परत आली.

शेवटी तासाभरातून भजन निघालं २१ मिनिटं. मामांनी बोटांवर हिशेब केला. "क्विंटलाले चौतीस-पस्तीस किलो रुई. बराबर हाय." मग एकदम सावध झाले. "अन् सरकी? फेकली काय? तेल निंघते तिचं, म्हशीले ढेप होते."

आता डिस्कवर मामांची दोन फोल्डरं आहेत. 'रुई' २१ मिनिटांचं आणि 'सरकी' ३९ मिनिटांचं. मामी फक्त दुसरं ऐकतात.