डबा गरम, रॉड गार

भोसरीच्या एमआयडीसीतल्या एखाद्या फॅब्रिकेशन शॉपमध्ये डोकावा. ७०१८ वेल्डिंग रॉडसाठी ओव्हन असतो. हे रॉड तीनशे-साडेतीनशे अंशांवर नीट भाजले नाहीत, तर ओलीतला हायड्रोजन वेल्डमध्ये शिरतो आणि जोड पुढे गिऱ्हाइकाच्या दारात तडकतो. ओव्हनमध्ये असतो सुपरवायझरचा डबा. रॉड बाहेर, पावसाळी हवा खात.

तेवढ्यात ड्रॉइंग येते: ८०० मिलिमीटरची वेल्डेड फ्रेम, टॉलरन्स ०.०५. वेल्डेड कामाच्या टॉलरन्सचे मानक आयएसओ १३९२० सर्वांत कडक वर्गातही इथे अधिक-उणे २ मिलिमीटर चालवून घेते. आमचे डिझायनरसाहेब मात्र आयएसओच्याही वरच्या कडक शिस्तीचे!

वेल्डर सांगतो, "साहेब, आलटूनपालटून टाके मारतो. जॉब निवू द्या, मग मशीनिंगला पाठवा."

मॅनेजर घड्याळ बघतात. "निवायचे तास कुठल्या खात्यात टाकू?"

खाते सापडत नाही, जॉब वाकतो. मग घण येतो, घणामागून मीटिंग. निदान ठरलेलेच: वेल्डरला ट्रेनिंग द्या. ट्रेनिंगचा ग्रुप फोटो मात्र केबिनमध्ये स्पिरिट लेव्हल लावून टांगला जातो.